नव्याण्णव वर्षांची जागा आणि पाच किलो मीठ

फेब्रुवारीचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. रक्कम चाळीस लाख रुपये, त्यातले दोन लाख टोकन म्हणून आधी द्यायचे. हजर : माझ्या सासूबाई हिराबाई, मेहुणा बाळाराम, माझी बायको सुनंदा, घाटकोपरहून आलेला जमिनीचा एजंट आणि मी. ठिकाण : बोनकोडे, सासूबाईंच्या घराची ओटी.

असं टिपून ठेवायची मला सवय आहे. महाप्याच्या एका गोदामात गेली बावीस वर्षं मी गेटवरच्या केबिनमध्ये बसतो. गाडी आत आली की नंबर, वेळ, माल. बाहेर गेली की पुन्हा नंबर, वेळ, माल. दुसरं काही मला विशेष येत नाही. म्हणूनच मला श्रीलंकेला जावं लागलं.

सासऱ्यांची खाडीकडची जमीन नवं शहर वसवताना सरकारनं घेतली. बऱ्याच वर्षांनी बदल्यात भूखंड मिळाला, तो विकला, वाटण्या झाल्या आणि सासूबाईंच्या नावावर चाळीस लाख उरले. यापुढे त्यांच्याकडे विकायला काहीच नाही. सुनंदाचं म्हणणं, आईनं ते बँकेत ठेवावेत आणि व्याजावर निवांत राहावं. बाळारामचं म्हणणं वेगळं होतं. हंबनटोटा नावाच्या गावी, लंकेच्या दक्षिण टोकाला, चीननं बंदर बांधलंय. बंदराच्या रस्त्याला लागून एक एकर जागा नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतेय. तिथं ट्रक उभे करायचं यार्ड काढायचं.

"उरणला बघितलंत ना भावजी?" तो मला म्हणाला. "बंदर आलं, कंटेनर आले, ट्रक आले. ज्याच्याकडं रस्त्याला लागून दहा गुंठे होते तो आज फॉर्च्युनरमधून फिरतोय. आपण तेव्हा झोपलो होतो. आता चान्स आहे."

एजंट म्हणाला, एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. गुंठ्याला एक लाख. आमच्याकडे तेवढ्यात गुंठ्याच्या कोपऱ्यावर पाय ठेवायलाही कोणी देणार नाही.

सासूबाई सगळं ऐकून घेत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावय, तुमी बगून या. तुमी हो बोलला तर मी सही करीन. नाय तर नाय." आणि एजंटाला विचारलं, "मिठागरं हायत तिकडं?"

"आहेत ना आजी, खूप मोठी."

"मंग येताना तिकडचा मीठ आना."

सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घणसोलीच्या खाडीकडे मिठागरं होती. त्यांनी बारा वर्षं डोक्यावरून मीठ वाहिलं आहे.

हंबनटोटा

विमान, बस, पुन्हा बस; हे सगळं मी गाळतो. एवढंच सांगतो की कोलंबोहून दक्षिणेला जाणारा महामार्ग इतका गुळगुळीत आहे की बाळारामच्या हातातल्या चहाचा थेंबही सांडला नाही. त्यानं मुद्दाम कप धरून बघितला होता. हाही चिनी कर्जातला रस्ता. जसजसं दक्षिणेला जावं तसतशी रस्त्यावरची वर्दळ कमी होत जाते आणि शेवटच्या तासात असं वाटायला लागतं की आपली बस एकटीच कुणाच्या तरी झोपेतून चालली आहे. दोन्ही बाजूंना झुडपं, मध्ये दुभाजक, दुभाजकावर मोर. एक-दोन नव्हेत, मी चौतीस मोजले. बस जवळ आली तरी ते उडत नव्हते. मान वळवून बघत होते, पाहुणा कोण आलाय तसं.

आम्ही उतरलो ते कुसुमाक्का यांच्याकडे. जागा त्यांचीच, आणि घराच्या मागच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. वय पन्नाशीचं. तिकडे मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आम्हीही अक्का म्हणायला लागलो. अकरा वर्षं कुवेतमध्ये एका भारतीय घरात कामाला होत्या, तिथं हिंदी शिकल्या. नवरा पियदास तीनचाकी चालवतो; तिकडे रिक्षाला टुकटुक म्हणतात. मुलगी निमाली बावीस वर्षांची.

सकाळी ताटात आलं ते बघून बाळाराम ओरडलाच, "अक्का, हे तर आमचे शिरवाळे!" तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांच्या जाळ्या. आम्ही नारळाच्या गोड रसात खातो. ते माशाच्या तिखट कालवणाबरोबर खातात. वर खवलेल्या नारळाची लाल चटणी. बाळारामनं चौदा जाळ्या खाल्ल्या. अक्का म्हणाल्या, "भाई, तुम जमीन लेने आया कि खाने?"

"दोनों, अक्का. पहले ये."

मग जागा बघितली. तिकडे जमीन पर्चमध्ये मोजतात. चार पर्च म्हणजे बरोबर आपला एक गुंठा. मी टेपनं मोजली, एकशे साठ पर्च भरली. चार आंबे, एक विहीर, बाकी काटेरी झुडपं. समोर रस्ता, सहा पदरी, आणि रस्त्याच्या टोकाला निळ्या धुरकटात बंदराच्या क्रेन. त्या इतक्या लांब आणि इतक्या स्तब्ध होत्या की पाण्यात उभ्या राहिलेल्या रोहित पक्ष्यांसारख्या वाटत होत्या. आमच्या खाडीत हिवाळ्यात असे उभे असतात.

जागेच्या कडेला उभं राहून मला क्षणभर सगळं दिसलं. यार्ड, शंभर ट्रक, पावती फाडणारी खोली, खोलीत मी. नोकरीची आणखी सहा वर्षं उरली आहेत. मग इथं येऊन बसावं, सकाळी शिरवाळे खावेत, गाड्या मोजाव्यात. वाऱ्याला मिठाचा वास होता.

टेकडीवर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पियदासनं आम्हाला एका टेकडीवर नेलं. तिथून बंदराचं कुंपण आणि आतलं मैदान दिसतं. मैदानात नव्याकोऱ्या मोटारी उभ्या होत्या. पांढऱ्या, करड्या, काळ्या, रांगेत. मी मोजल्या : एका रांगेत चाळीस, रांगा बावीस, शेवटची अर्धी. आठशे साठ. सूर्य मावळत होता आणि आठशे साठ काचांवर आठशे साठ सूर्य होते.

बाळाराम हळूच म्हणाला, "भावजी, ह्या सगळ्या गाड्या बाहेर न्यायला ट्रेलर किती लागतील?"

"ट्रेलरमध्ये आठ. एकशे आठ ट्रेलर."

"एकशे आठ!" त्यानं हात जोडले. "शुभ आकडा आहे हो."

तिथूनच मी सुनंदाला फोन केला. म्हणालो, माल भरपूर आहे, सही करायला हरकत दिसत नाही. ती म्हणाली, "नक्की ना? आई गुरुवारी टोकन द्यायला बँकेत जायचं म्हणतेय." मी म्हणालो, नक्की. बावीस वर्षांत मी एखादी नोंद दोनदा न बघता पुढे सरकवली असेल तर ती हीच.

परतताना रस्त्यात हत्ती उभा होता. जंगली, एकटा, सहा पदरी रस्त्याच्या बरोबर मधोमध. पियदासनं इंजिन बंद केलं. आम्ही वीस मिनिटं बसलो. मागून एकही गाडी आली नाही, पुढूनही नाही. हत्ती सावकाश पलीकडे गेला. बाळाराम कुजबुजला, "आपल्याकडं ठाणे-बेलापूर रोडला हा असा उभा राहिला असता तर?"

"हॉर्ननंच मेला असता," मी म्हणालो.

आम्ही दोघं हसलो. पण वीस मिनिटं ही गोष्ट माझ्या डोक्यात कुठं तरी अडकून राहिली.

आठ ते बारा

बुधवारी सकाळी आठ वाजता मी अक्कांच्या जागेसमोर आंब्याखाली खुर्ची टाकून बसलो. हातात वही. सवयीनं बसलो, शंका म्हणून नव्हे. बाळारामला सांगितलं, यार्ड काढायचं तर दिवसाला किती ट्रक जातात ते कळायला हवं. तो म्हणाला, "तुम्ही मोजा, मी म्हशीचं दही खाऊन येतो." ते दही मातीच्या मडक्यात लागतं, वर माडाच्या जातीच्या एका झाडाचा काळा पाक ओततात. बाळारामनं सहा दिवसांत नऊ मडकी संपवली आणि एक फोडलं.

उन्हं चढत गेली. रस्ता दूरवर पातळ होऊन हवेत मिसळत होता. एक सायकल यायची आणि किती तरी वेळ येतच राहायची. मोर रस्ता ओलांडायचे. शाळेची बस गेली. नारळाचा टेम्पो गेला. मध्येच असं वाटायचं की मी चाळीस वर्षांपूर्वीच्या घणसोलीत बसलोय, बांधावर, आणि रस्ता अजून व्हायचा आहे.

दहाच्या सुमाराला अक्का चहा घेऊन आल्या आणि बाजूला बसल्या. "मोर भी लिखो," म्हणाल्या.

बारा वाजता मी बेरीज केली. दोन्ही दिशांना मिळून एकसष्ट वाहनं. दुचाक्या छत्तीस, टुकटुक चौदा, बस चार, टेम्पो पाच, ट्रक दोन. दोन्ही ट्रक विटांचे. ट्रेलर एकही नाही.

मी पियदासला म्हटलं, पुन्हा टेकडीवर ने. गेलो. मैदानात निम्म्या गाड्या नव्हत्या. मी रांगा मोजल्या : अकरा. चारशेवर मोटारी दोन दिवसांत गेल्या होत्या, आणि रस्त्यावरून एकही गेली नव्हती. रात्री गेल्या असतील म्हणावं तर अक्कांचं घर रस्त्यालाच लागून. पन्नासेक ट्रेलर गेले असते तर भिंती हलल्या असत्या.

पियदासनं धक्क्याकडे बोट दाखवलं. तिथं एक जहाज उभं होतं, बिनखिडक्यांच्या इमारतीसारखं, आणि मोटारी मुंग्यांसारख्या त्याच्या पोटात शिरत होत्या. तो म्हणाला, "शिप टू शिप. एक शिप से उतरा, दूसरा शिप में गया. बाहर नहीं आता."

गोदामात नव्यानं लागलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगतो : आत किती माल पडलाय ते मोजू नकोस, गेटबाहेर किती गेला ते मोज. आणि मी टेकडीवर उभा राहून पडलेला माल मोजला, त्यावर घरी फोन केला. बंदर रिकामं नाही. बंदर चालू आहे. पण त्याचं गेट समुद्राकडे आहे.

आमच्याकडे नवं शहर आलं तेव्हा जमिनी गेल्या, हे खरं. पण कारखान्यांची फाटकं ठाणे-बेलापूर रोडकडे उघडत होती. माणूस आत जायचा, पगार बाहेर यायचा. सुतार लागायचा, डबेवाली लागायची, भाड्याची खोली लागायची. बाळाराम आज ज्या खोल्यांच्या भाड्यावर चैन करतो त्या सगळ्या त्या फाटकांमुळे. इथं फाटक आहे, पण रस्त्याकडे पाठ करून. मोठ्या देशानं दुसऱ्या देशात पैसा ओतला की तिथली भरभराट होते की नाही, असा प्रश्न पेपरात आला की मी पान उलटत असे. आता मला विचारलं तर मी एवढंच सांगेन : गेट कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

सुनंदाला फोन लावला. लागेना. रेंज नव्हती. टेकडी उतरून, गावात येऊन, चौथ्या प्रयत्नाला लागला. साडेचार वाजले होते.

"सही करू नका म्हणावं."

"अहो, परवा तर नक्की म्हणालात!"

"चुकलो."

ती म्हणाली, "आईनं लुगडं काढून ठेवलंय उद्यासाठी. बघते."

बाळाराम ओट्यावर दह्याचं मडकं घेऊन बसला होता. मी त्याला वही दाखवली. त्याला वाचनाचा कंटाळा, पण आकडे त्याला लगेच कळतात. त्यानं वही परत दिली. मग म्हणाला, "भावजी, एक गोष्ट बोलायची राहिली. एजंटाला मी एकावन्न हजार देऊन बसलोय. माझेच. आयेला माहीत नाय."

"पावती?"

त्यानं मडक्यात बघितलं.

मिठागर

आता अक्कांना सांगायचं होतं. ते मी दुसऱ्या दिवशीवर ढकललं, आणि दुसऱ्या दिवशी अक्काच म्हणाल्या, चला, तुमच्या सासूसाठी मीठ आणू.

ही मिठागरं बंदराच्या आधीची, फार जुनी. सपाट पाण्याचे चौकोन क्षितिजापर्यंत, मध्ये बारीक बांध. आभाळ खाली उतरून त्या चौकोनांत पडलेलं. काही चौकोन गुलाबी, काही पांढरे. वारा नव्हता. बायका ओळीनं वाकून मीठ ओढत होत्या आणि प्रत्येकीच्या पायाखाली तिचीच उलटी सावली पाण्यात चालत होती. वर कोण आणि खाली कोण हे लांबून कळत नव्हतं. मी सासूबाईंना तरुणपणी बघितलेलं नाही. पण ती चौथी, हिरव्या रुमालाची, टोपली उचलताना डावा हात कमरेवर ठेवत होती. सासूबाई आजही पाण्याची कळशी उचलताना तसाच ठेवतात.

अक्कांच्या एक शेजारीणबाई तिथं कामाला आहेत. त्यांनी पाच किलो भरून दिलं. मी पाकीट काढलं तर अक्कांनी हात धरला. "नमक का पैसा? नहीं, नहीं. माँ को मेरी तरफ से."

बांधावर बसून मी त्यांना सांगितलं. जागा घेत नाही. आकडेही सांगितले.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, "मैंने तो बोला, मोर लिखो." मग थोड्या वेळानं, हिंदीत, तुटक तुटक : त्यांचं जुनं गाव बंदरासाठी उठलं. भातखाचर गेलं. बदल्यात ही जागा मिळाली. तेव्हा सगळे म्हणाले, भाव वाढेल, थांबा. पंधरा वर्षं थांबल्या. मधल्या काळात देश कर्जात बुडाला. पेट्रोलसाठी पियदास दोन-दोन दिवस रांगेत. "उस टाइम इंडिया ने तेल भेजा. मैं भूली नहीं. रोड अच्छा है, झूठ नहीं बोलूँगी. मेरी माँ को इसी रोड से हॉस्पिटल ले गए. बची." पैसे आले असते तर निमाली इथंच नर्सिंग शिकली असती. नाही आले तर तीही कुवेतला.

"नब्बे और नौ साल," त्या म्हणाल्या. "बंदरगाह भी इतने साल का दिया है. मैंने सोचा, सरकार देती है तो मैं भी दूँ."

आमच्या नव्या शहरातल्या सोसायट्यांची जमीनही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे, हे मी सांगितलं. त्या हसल्या. "तो तुम भी किराएदार?"

निघताना सहा दिवसांचं राहणं-जेवण चुकतं केलं, फोडलेल्या मडक्यासकट.

पुन्हा ओटीवर

रविवार, सकाळचे अकरा. हजर तेच, एजंट सोडून. सासूबाई बँकेत गेल्या नव्हत्या. गुरुवारी लुगडं नेसून बाहेर पडल्या, तेव्हा सुनंदानं माझी चूक झाकायला रिक्षाच मिळत नाही असं सांगून तासभर कोपऱ्यावर उभं ठेवलं आणि परत आणलं. "गुडघं मोडलं माझं," सासूबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मोजन्यापायी."

मी सगळं सांगितलं : मोटारी, जहाज, एकसष्ट वाहनं, अक्कांचं गेलेलं भातखाचर. त्यांनी शांतपणे ऐकलं. ट्रकांत त्यांना रस नव्हता.

"ती बाय," त्या म्हणाल्या. "तिची पयली जमीन कोनी घेतली?"

"बंदरासाठी गाव उठवलं. बदल्यात ही दिली."

"म्हंजे एकदा घेतलेली." त्या आमच्या दोघांकडे बघत राहिल्या. "आनि तुमी दोगं पुन्ना घ्याला गेलता."

बाळाराम म्हणाला, "आये, फुकट नाय. चाळीस लाख देत होतो."

"आमच्याकडं पन दोगंच आलते. इस्त्रीचं सदरं घालून. ह्याच ओटीवर बसलं. मी च्या दिला. टेप काडून खाडीचा खाजन मोजला. एक बोलणारा व्हता, एक लिवनारा." त्यांनी पदर सारखा केला. "लिवनारा चांगला व्हता. वर बगत नव्हता."

बाळारामनं आपल्या शर्टाची कॉलर नीट केली आणि मग हात खाली घेतला. मी वही मिटली.

त्यांनी पिशवीतून मिठाचा एक खडा काढून जिभेवर ठेवला. डोळे मिटले. "चांगला हाय," म्हणाल्या. "उनाचा हाय. दाम किती दिला?"

"घेतला नाही त्यांनी. तुमच्यासाठी भेट म्हणून."

त्यांनी पिशवी पायानं बाजूला सारली. "फुकटचा मीठ घरात नाय घेत आमी. तिचा दाम पोचू दे, मंग घेऊ."

"आये, पाच किलो मिठाचा दाम काय पाठवायचा परदेशात!"

"तू पाठव. तुजं एकावन्न हजार जातात, तवा पाशे जायाला काय?"

बाळारामनं माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंना सांगितलं नव्हतं, सुनंदाला तेवढं सांगितलं होतं. सुनंदा आत निघून गेली.

पिशवी पाच दिवस ओटीवरच होती. बँकेत फॉर्म भरताना रक्कम पाठवण्याचं कारण विचारतात. बाळारामनं लिहिलं, मीठ. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा वाचलं आणि साहेबांना बोलावलं. शुक्रवारी अक्कांचा आवाजी निरोप आला. मागं मोर ओरडत होता. "अम्मा को बोलो, नमक का पैसा मिला. निमाली का टिकट भी आ गया. शनिवार को जाती है."

सासूबाईंनी तो निरोप दोनदा लावायला सांगितला. मग पिशवी उचलली, डावा हात कमरेवर ठेवून, आणि आत गेल्या.

शेवटी देणं झालं ते असं. एजंटाला एकावन्न हजार रुपये, बाळारामकडून, पावती नाही, परत येणार नाहीत. बँकेला पाठवणावळ एक हजार एकशे ऐंशी. आणि हंबनटोट्याच्या कुसुमाक्कांना, पाच किलो मिठाचे, त्यांच्याकडचे पाचशे रुपये.